दोन बेटे, दोन कागद

गेली तीन वर्षे मी एक कादंबरी लिहिते आहे, आणि ती कशाबद्दल आहे हे विचारणाऱ्यांना मला पटकन सांगता येत नाही. ऐतिहासिक कादंबरी म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे गड, घोडी आणि खलिते येतात. माझ्या कादंबरीत त्यांपैकी फक्त खलिते आहेत, आणि तेही बहुतेक कर वसूल करणाऱ्यांचे. ती घडते अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यालगतच्या दोन बेटांवर, १८६१ ते १९५६ या काळात, आणि तिच्या केंद्रस्थानी गुलामगिरीत जन्मलेल्या दोन बहिणी आहेत. मुक्त झाल्यावर दोघींनाही जमीन मिळाली. थोरलीची टिकली, धाकटीची वर्षभराच्या आत गेली. दोघी सारख्याच राबणाऱ्या, दोघींची माती सारखीच खारट आणि दोघींच्या शेतात तोच लांब धाग्याचा कापूस; फरक होता तो हातात आलेल्या कागदाचा. बहिणी माझ्या कल्पनेतल्या आहेत. बेटे आणि कागद खरे आहेत.

विषय हाती लागला तो योगायोगाने. मुलीच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने जॉर्जिया राज्यातील सव्हॅना शहरात होते. दुपारी बाळ झोपले की मी पाय मोकळे करायला बाहेर पडत असे, आणि त्या शहराची रचनाच अशी आहे की दर दोन-तीन गल्ल्यांनंतर झाडांनी झाकलेला एक चौक लागतो. त्यांपैकी मॅडिसन चौकाला लागून ग्रीन-मेल्ड्रिम हाउस नावाची एक जुनी हवेली आहे. उत्तर आणि बंडखोर दक्षिण यांच्यातील यादवी युद्धाच्या शेवटी शहर ताब्यात घेतल्यावर उत्तरेचा सेनापती विल्यम शर्मन तिथे उतरला होता, आणि १२ जानेवारी १८६५ च्या रात्री त्याच घरात युद्धमंत्री एडविन स्टँटन याने शहरातील वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि चर्चचे कारभारी यांना बोलावून घेतले. तुम्हा लोकांना काय हवे आहे, हे सरकारने त्यांनाच विचारले. त्याआधीच्या दोन-अडीचशे वर्षांत असा प्रश्न त्यांना कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

वीस जणांच्या वतीने बोलले ते गॅरिसन फ्रेझियर नावाचे सदुसष्ट वर्षांचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक. त्यांनी आठ वर्षांपूर्वी हजार डॉलर सोन्या-चांदीत मोजून स्वतःला आणि पत्नीला विकत घेतले होते. गुलामगिरी म्हणजे काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर असे की दुसऱ्या माणसाच्या संमतीवाचून, ज्यापुढे त्याचा इलाज चालत नाही अशा बळाने त्याचे श्रम घेणे म्हणजे गुलामगिरी. आपला निर्वाह तुम्ही कसा कराल, या प्रश्नावर ते म्हणाले की आमच्याकडे जमीन असावी आणि ती आम्ही आमच्या कष्टाने नांगरावी, कसावी, हा सर्वांत चांगला मार्ग. आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ऐकत मोठी झालेली मी, त्या चौकातील बाकावर बसून हे वाचताना पुढच्याच वाक्याशी अडखळले. फ्रेझियर फुकट काही मागत नव्हते. विकत घेऊन स्वतःची करण्याइतकी ऐपत येईपर्यंत आम्हाला जमिनीवर बसवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. या बैठकीतील एक बारकावा मला फार आवडतो. शर्मनविषयी तुमचे मत काय, हे विचारण्याआधी स्टँटनने शर्मनला खोलीबाहेर जायला सांगितले होते. ज्याने अर्धे राज्य जाळत समुद्र गाठला, तो सेनापती वीस माजी गुलामांचे आपल्याविषयीचे मत ठरेपर्यंत व्हरांड्यात उभा आहे, असे दृश्य मी एका प्रकरणात लिहिले होते. व्हरांड्याला आधार नसल्यामुळे ते काढून टाकले, पण काढताना जिवावर आले.

चारच दिवसांनी, १६ जानेवारीला, शर्मनचा विशेष आदेश क्रमांक १५ निघाला. चार्ल्सटनपासून दक्षिणेकडील बेटे, नद्यांकाठची समुद्रापासून तीस मैलांपर्यंतची ओसाड पडलेली भातखाचरे आणि फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीलगतचा प्रदेश हे सगळे मुक्त झालेल्या लोकांसाठी राखून ठेवण्यात आले आणि प्रत्येक कुटुंबाला कसण्याजोगी जमीन चाळीस एकरांपर्यंत द्यावी असे ठरले. यामागे शर्मनची दयाबुद्धी होती असे मानण्याचे कारण नाही. सैन्यामागून चालत येणाऱ्या हजारो निराश्रितांचे ओझे त्याला उतरवायचे होते. काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसे सुमारे चार लाख एकरांवर वसली. ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हा पुढे म्हणीसारखा रूढ झालेला शब्दप्रयोग इथूनच आला. खेचराचा उल्लेख मात्र आदेशात नाही.

आदेशात आणखी एक गोष्ट नव्हती, आणि माझी कादंबरी तिच्यावर उभी आहे. शर्मनच्या आदेशाने लोकांना जो कागद मिळणार होता तो कबजाचा होता, मालकीचा नव्हता. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. भोगवटादार कोण, कूळ कोण, पीकपाहणीला नाव कोणाचे लागले आणि खरेदीखत कोणाच्या पेटीत आहे यांवरून ज्या मुलखात भावाभावांची डोकी फुटतात, तिथल्या वाचकाला ‘कबजा’ हा एक शब्द ऐकूनच पुढे काय होणार याची कुणकुण लागेल. इंग्रजीत लिहिणाऱ्याला इथे दोन परिच्छेद खर्चावे लागले असते. मला एक शब्द पुरला.

आता बहिणींकडे येते. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली, तेव्हा सेंट हेलिना आणि आसपासच्या बेटांवरचे गोरे मळेवाले ताटावरून उठून पळाले. सुमारे दहा हजार गुलाम माणसे मागे राहिली. तो दिवस त्या लोकांच्या बोलण्यात पुढे कित्येक वर्षे ‘मोठ्या तोफांचा दिवस’ म्हणूनच राहिला. एडिस्टो हे बेट तिथून थोडे उत्तरेला आहे. १८६२ च्या उन्हाळ्यात लष्कराने एडिस्टो रिकामे केले आणि तिथल्या शेकडो माणसांना सेंट हेलिनावर आणून ठेवले. माझ्या दोघी बहिणी या गर्दीत आहेत. तीन वर्षांनी शर्मनचा आदेश निघाल्यावर एडिस्टोची माणसे आपल्या बेटावर परत जाऊ लागतात, तेव्हा धाकटी जाते आणि थोरली राहते. धाकटी जाते, कारण बापाची माती तिथे आहे. थोरली राहते, कारण तिच्या मुलीला नुकतेच पेन स्कूलमध्ये घातले आहे. फिलाडेल्फियाहून आलेल्या लॉरा टाऊन या बाईंनी १८६२ मध्ये काढलेली ती शाळा आज पेन सेंटर म्हणून उभी आहे. दोन्ही कारणे बायकांना सुचतील अशीच आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिल्या मसुद्यात मी थोरलीला दूरदर्शी केले होते. ते खोटे वाटले. कोणता कागद टिकणार हे त्या वर्षी कोणालाही ठाऊक नव्हते, राष्ट्राध्यक्षालासुद्धा नव्हते.

लिंकनचा एप्रिलमध्ये खून झाला आणि त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने मे महिन्यात बंडखोरांना माफी जाहीर केली. माफीबरोबर गुलाम सोडून बाकीची मालमत्ताही परत मिळणार होती. मुक्त लोकांसाठी स्थापन झालेल्या सरकारी ब्यूरोचा प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड ऑक्टोबर १८६५ मध्ये एडिस्टोवर आला. चर्चमध्ये जमलेल्या शेकडो माणसांना त्याने सांगितले की जमिनी जुन्या मालकांना परत जातील, तेव्हा तुम्ही त्यांना क्षमा करा आणि त्यांच्याशी मजुरीचे करार करा. हॉवर्ड वाईट माणूस नव्हता. त्याचा उजवा हात युद्धात गेला होता आणि हा निरोप सांगणे त्याच्या जिवावर आले होते. बेटावरच्या लोकांनी तिघांची समिती नेमली. हेन्री ब्रॅम, इश्माएल मोल्ट्री आणि येट्स सॅम्पसन यांनी लिहिलेले पत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय दफ्तरात आहे, आणि संपूर्ण कादंबरीत मी जशीच्या तशी वापरणार आहे अशी तेवढी एकच गोष्ट आहे. त्यातील आशय असा: आमच्या बेटाच्या मालकांना क्षमा करा असे आपण सांगता. आपला युद्धात फक्त उजवा हात गेला, तेव्हा आपण कदाचित त्यांना क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, ज्याने माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून चाबकाने फोडले, जो त्याचीच पेरणी केल्याशिवाय आणि त्याचाच भाव मान्य केल्याशिवाय मला त्याच्या रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, आणि माझी स्वतःची जमीन झाली तर मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही हे ठाऊक असल्यामुळे जो इतरांशी संगनमत करून मला जमिनीपासून दूर ठेवतो, त्या माणसाला क्षमा करणे मला जमत नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यातील आकांताने हलले. दहाव्यांदा वाचले तेव्हा लक्षात आले की त्यात अर्थशास्त्र आहे. मजूर स्वस्त ठेवायचा असेल तर त्याला जमीन मिळता कामा नये, ही गोष्ट पुढे प्राध्यापकांनी जाड ग्रंथांत मांडली. एडिस्टोच्या तिघांना ती १८६५ च्या ऑक्टोबरात एका उपवाक्यात बसवता आली होती. पत्राचा उपयोग झाला नाही. धाकटीच्या नावाचा कबजाचा कागद पुढच्या पेरणीला रद्दी झाला आणि ती ज्या शेतात मालकीण म्हणून एक हंगाम उभी होती त्याच शेतात अर्धेलीने राबू लागली.

थोरलीचे तसे झाले नाही, आणि त्यामागचे कारण इतके रुक्ष आहे की कादंबरीत ते कसे आणावे या विवंचनेत माझे एक वर्ष गेले. सेंट हेलिनावरच्या जमिनी शर्मनच्या आदेशाने वाटलेल्या नव्हत्याच. १८६२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बंडखोर प्रदेशांतून थेट कर वसूल करण्याचा कायदा केला. पळालेल्या मळेवाल्यांनी अर्थातच कर भरला नाही, म्हणून १८६३ पासून त्यांच्या जमिनी थकबाकीपोटी लिलावात निघाल्या. बरीचशी जमीन सरकारने स्वतः घेतली, काही उत्तरेकडच्या धंदेवाईक लोकांनी घेतली. काही ठिकाणी तिथेच राबणाऱ्या माणसांनी लष्कराच्या नोकरीत आणि अंडी-कोंबड्या विकून साठवलेले पैसे एकत्र करून मळा विकत घेतला. पुढे सरकारने आपल्याकडच्या जमिनीचे दहा-दहा एकरांचे तुकडे कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांना विकले. म्हणजे थोरलीच्या हाती आलेला कागद हा करविक्रीच्या खरेदीचा होता, आणि राष्ट्राध्यक्षाची माफी त्या कागदाला पुसू शकत नव्हती.

जुन्या मालकांनी प्रयत्न सोडला नाही. बोफर्ट गावात रॉबर्ट स्मॉल्स नावाचा माणूस होता. १८६२ च्या मे महिन्यात चार्ल्सटन बंदरातून शत्रूचीच ‘प्लँटर’ ही बोट बायकामुलांसह पळवून त्याने उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली होती, आणि पुढे तो काँग्रेसवर अनेकदा निवडून आला. ज्या घराच्या मागच्या खोपटात तो गुलाम म्हणून जन्मला, ते मालकाचे घर त्याने करविक्रीत विकत घेतले. त्या घरावर हक्क सांगणाऱ्याने त्याच्यावर दावा लावला. तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ च्या त्या खटल्यात करविक्रीचे कागद वैध ठरले. एका माणसाच्या घराच्या भांडणाने अख्ख्या परिसरातल्या दहा-दहा एकरांच्या मालकांना झोप लागली असेल. १८९१ मध्ये काँग्रेसने त्या बेटांवरच्या जुन्या गोऱ्या मालकांना भरपाई मंजूर केली. ज्यांनी त्या मातीत पिढ्यानपिढ्या विनावेतन घाम गाळला त्यांच्या भरपाईचा कायदा मात्र कधी झाला नाही. यावर कादंबरीत एकही पात्र काही बोलत नाही. मीच तीन वेळा भाषण लिहून खोडले आहे.

लेखनातील अडचणींविषयीही थोडे लिहिते, कारण त्या भाषेच्या आहेत. ‘प्लँटेशन’ला मराठीत ‘मळा’ म्हणावे, तर मळा हा शब्द फार मायाळू आहे. त्यात मोट, कोथिंबीर आणि आजोळ आहे. निवेदनात मी ‘मळेवाले’ म्हणते, पण बहिणींच्या तोंडी ‘प्लँटेशन’च ठेवले. त्या बेटांवरची गल्ला ही बोली आफ्रिकी भाषांच्या मुशीत तयार झालेली आहे. ती मराठीत उतरवताना मी आधी संवाद मालवणीत लिहून पाहिले. दोन पाने झाल्यावर बहिणी सेंट हेलिनाच्या न राहता वेंगुर्ल्याच्या झाल्या, म्हणून ते सोडून दिले आणि साध्या, आखूड वाक्यांची मराठी घेतली. ‘गुलाम’ या शब्दाची मात्र अडचण आली नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले, तेव्हाच हा शब्द आणि तो इतिहास मराठीत एकमेकांना भेटले. ज्या वर्षी पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली गेली, त्या वर्षी दक्षिण कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीय सदस्यांचे बहुमत होते. फुल्यांनी ज्या पहाटेचे अभिनंदन केले ती पुढे तीन-चार वर्षांतच मावळली.

नावांचा प्रश्न याहून अवघड निघाला. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. तिच्यात मालकाचे नाव आहे आणि त्याखाली वय, लिंग, रंग. नाव नाही. या माणसांची नावे सर्वसाधारण जनगणनेत येतात ती १८७० मध्ये. आजही आपले कूळ शोधणारी कृष्णवर्णीय कुटुंबे त्या वर्षापर्यंत येतात आणि भिंतीला डोके टेकतात. त्या बेटांवर आडनावाला ‘टायटल’ म्हणत, आणि जमिनीच्या मालकीहक्कालाही इंग्रजीत टायटलच म्हणतात. हा श्लेष मला फुकट मिळाला. तो मी वापरलेला नाही, कारण मराठीत तो समजावून सांगावा लागतो आणि समजावलेला श्लेष म्हणजे उकडून पुन्हा तळलेला बटाटा. पण दोन्ही गोष्टी लोकांना एकाच दशकात मिळाल्या, हे थोरलीच्या प्रकरणात कुठेतरी जाणवावे अशी माझी खटपट आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही कादंबरी लिहिते आहे तिच्याकडे येते. १९१० च्या सुमारास अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मालकीची सुमारे दीड कोटी एकर शेतजमीन होती. पुढच्या शंभर वर्षांत तिच्यातील बहुतेक गेली. ती जाण्याची कारणे अनेक आहेत: बंदुकीचा धाक, सावकारी, कपाशीवरचा भुंगेरा, कर्ज देताना हात आखडता घेणारी सरकारी खाती, उत्तरेच्या शहरांकडे गेलेली तरुण मुले. समुद्रकाठच्या या बेटांवर मात्र एक कारण पुन्हा पुन्हा समोर येते आणि ते म्हणजे मृत्युपत्र न करता मागे ठेवलेली सामाईक जमीन. मूळ मालक गेला की त्याची सगळी मुले हिस्सेदार होतात, मग त्यांची मुले, मग त्यांची. तिसऱ्या-चौथ्या पिढीत दहा एकरांना साठ हिस्सेदार होतात आणि त्यांतले निम्मे न्यूयॉर्क, फिलाडेल्फियात असतात. त्यांच्यापैकी ज्याने ती जमीन कधी पाहिलेली नाही अशा एखाद्याचा हिस्सा जमिनीचा व्यापारी किरकोळ रकमेला विकत घेतो आणि वाटणीसाठी न्यायालयात जातो. दहा एकरांचे साठ तुकडे करणे शक्य नाही म्हणून न्यायालय सगळ्याच जमिनीच्या लिलावाचा हुकूम देते, आणि लिलावात बोली लावण्याइतकी रोकड त्या व्यापाऱ्याकडेच असते. १९५६ मध्ये शेजारच्या हिल्टन हेड बेटावर पूल झाला आणि समुद्रकाठच्या मातीला सोन्याचा भाव आला. त्यानंतर या लिलावांना काय धार चढली असेल, हे कोकणात रस्ता रुंद झाल्यावर काय होते ते पाहिलेल्यांना सांगायला नको. आज त्या बेटावरच्या फाटकबंद श्रीमंती वसाहतींपैकी काहींच्या नावात ‘प्लँटेशन’ हा शब्द मोठ्या हौसेने मिरवलेला आहे.

या कहाणीचे नेहमीचे स्पष्टीकरण असे असते की लोक अडाणी होते, गरीब होते, वकिलाची फी परवडत नव्हती, म्हणून त्यांनी मृत्युपत्रे केली नाहीत. पहिली दोन वर्षे मीही थोरलीला याच कारणाने मृत्युपत्र करू दिले नाही. मग एके दिवशी तिच्या आईचे प्रकरण लिहिताना मी मालकाचे मृत्युपत्र रचत होते, त्या काळची खरी मृत्युपत्रे समोर ठेवून, आणि एका ओळीवर हात थांबला. ‘थोरल्या मुलीला पलंग, चांदीचे चमचे आणि’ यापुढे एका बाईचे नाव आणि ‘तिची पुढील संततीही’. माणसे बाजारात विकली जात तशीच ती मृत्युपत्राने वाटलीही जात. मालक मेला की रडारड झोपड्यांतून उठे, कारण कोण कोणाच्या वाट्याला जाणार हे आता त्या कागदावरून ठरायचे असे. थोरलीची आई अशाच एका वाटणीत अलाबामाला गेली. तेव्हा थोरलीच्या दृष्टीने मृत्युपत्र म्हणजे काय? ज्या कागदात माणसे चमच्यांच्या शेजारी लिहितात तो कागद. तिला लिहिता येत नव्हते म्हणून तिने तो केला नाही असे नाही. तिची मुलगी शिकलेली होती, तिने लिहून दिला असता. तिने नको म्हटले.

शिवाय कोर्टकचेरीत जाऊन आपल्याकडे काय काय आहे ते गोऱ्या कारकुनाला सांगायचे, तेही १८९५ च्या राज्यघटनेने मताचा हक्कच काढून घेतल्यानंतर, यात कोणते शहाणपण होते? आणि त्या लोकांची जमिनीची कल्पनाही आपल्या खातेफोडीच्या कल्पनेपेक्षा वेगळी होती. जमीन सगळ्यांची, थकून भागून परत येईल त्याने आजीच्या घराशेजारी आपले घर बांधावे आणि कोणालाही बाहेर काढण्याचा अधिकार कोणाला नसावा. मृत्युपत्र केले की कोणीतरी वगळले जाते. ज्यांची कुटुंबे कायद्याच्या लेखी कुटुंबेच नव्हती, ज्यांची लग्ने लग्ने नव्हती, ज्यांनी मुक्त झाल्यावर वर्षानुवर्षे चर्चच्या वर्तमानपत्रांत ‘माझ्या आईचा पत्ता कोणास ठाऊक असल्यास कळवावे’ अशा जाहिराती दिल्या, त्यांनी वगळणारा कागद का करावा? कोणीतरी सापडेल आणि परत येईल, या आशेने जमीन सामाईक ठेवणे हे माझ्या मते अज्ञान नव्हते. तो विचार करून घेतलेला निर्णय होता, आणि त्याच निर्णयाच्या फटीतून पुढे लिलाव आत शिरला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या राहाव्यात एवढीच माझी लेखक म्हणून महत्त्वाकांक्षा आहे.

माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावे आहेत आणि त्यांतली सहा माणसे हयात नाहीत. माझ्या आत्याने साडी-चोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा मी दारात उभी होते. पुढे एकदा भाऊ फार घाईत एक कागद सहीसाठी घेऊन आला आणि मी तो वाचायला बसले, तेव्हापासून आमच्या बोलण्यात थोडा कोरडेपणा आला आहे. ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. आमची नावे कधी गुरांच्या यादीत नव्हती. पण कागद न वाचता सही करणाऱ्या आणि सही करायलाच नकार देणाऱ्या बाईच्या मनात काय चालते, हे मला तिथूनच थोडेफार कळले.

कायद्यात आता बदल झाले आहेत. २०१० मध्ये वारसांच्या सामाईक जमिनीच्या वाटणीसाठी एक नमुना कायदा तयार झाला. त्याच्यानुसार हिस्सा विकू पाहणाऱ्याचा वाटा आधी उरलेल्या हिस्सेदारांना विकत घेऊ द्यावा लागतो, जमिनीचे योग्य मूल्यांकन करावे लागते आणि विक्री करायचीच झाली तर ती खुल्या बाजारभावाने व्हावी लागते. दक्षिण कॅरोलायनाने तो २०१६ मध्ये स्वीकारला आणि त्याला क्लेमेंटा पिंकनी यांचे नाव दिले. पिंकनी राज्याच्या सिनेटचे सदस्य होते, धर्मोपदेशक होते, आणि २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमलेल्यांवर झालेल्या गोळीबारात मारल्या गेलेल्या नऊ जणांपैकी एक होते. सेंट हेलिना बेटावर १९९९ पासून फाटकबंद वसाहती आणि गोल्फची मैदाने यांना परवानगी नाही. बेटावर मूळचे कोण आणि बाहेरून आलेले कोण यासाठी गल्लात ‘बिनया’ आणि ‘कमया’ असे दोन शब्द आहेत. मी तिथे तीनदा गेले. एका बाईंनी मला हसून ‘कमया’ म्हटले आणि लगेच, तुझ्या गावात तू कोण, असे विचारले. लग्न होऊन सासरी गेलेल्या बाईला या प्रश्नाचे उत्तर देताना जरा विचार करावा लागतो.

माझी कादंबरी या कायद्यांपर्यंत पोहोचत नाही. शेवटच्या प्रकरणात वकील हिस्सेदारी समजावून सांगतो असा आठ पानांचा प्रवेश होता. तो मागच्या आठवड्यात मी काढला. आता तिथे फक्त पोस्टमन आहे. अशा जमिनीच्या कराची नोटीस अनेकदा मूळ मालकाच्याच नावाने येत राहते, कारण दप्तरी नाव बदललेलेच नसते. १९५६ च्या हिवाळ्यात तो थोरलीच्या नावाचे पाकीट घेऊन येतो. थोरलीला जाऊन पंचेचाळीस वर्षे झाली आहेत. तिची नात ओले हात पदराला, म्हणजे एप्रनला, पुसत बाहेर येते, आजी आता खाडीकडे गेली आहे असे सांगून पाकीट घेते, आणि आत जाऊन पत्र्याच्या डब्यातील नव्वद पावत्यांवर पुढच्या पावतीसाठी जागा करते.